जत्रेचे पाच दिवस

आम्ही गाव सोडलं तेव्हा डिकीत पाच किलो इंद्रायणी तांदूळ, दोन बरण्या मसाला आणि एक दगडी खलबत्ता होता. विमानतळावर खलबत्ता वजनात बसेना, म्हणून मी तो हातातल्या बॅगेत टाकला आणि तपासणीच्या पोलीसबाईंना हे हत्यार नव्हे म्हणून समजावत बसलो. माझी बायको केतकी लांब जाऊन उभी राहिली, हा माणूस आपल्या ओळखीचाच नाही अशी. दीड वर्षाची ईरा तिच्या खांद्यावर झोपलेली. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "पोरीला गाव इसरू देऊ नगंस." मी म्हटलं, दोन वर्षांत येतोयच की. त्याला आता आठ वर्षं झाली.

आमचं गाव मुळशीतलं, चांदे गावाच्या शिवेला लागून. अख्ख्या देशातली पोरं हिंजवडीच्या नोकऱ्यांसाठी आमच्याकडं भाड्यानं राहायला येतात, आणि मी तिथून उठून नेदरलँड्सला गेलो. केतकीही नागपूरहून आमच्याच खोलीत भाडेकरू म्हणून आलेली. घरमालकाच्या पोराला गॅसची टाकी वर आणून द्यायला सांगितलं हीच चूक झाली, असं ती पुढं म्हणायची. आधी हसत, मग न हसता.

तिकडं काय बिघडलं ते सांगत नाही. मी त्यात विनोदी दिसेन अशी एकही बाजू नाही. वेगळे झालो, केतकी ईराला घेऊन नागपूरला माहेरी गेली, मी तिकडंच राहिलो. ईराचा ताबा केतकीकडं, दर रविवारी व्हिडिओ कॉल आणि वर्षातले सलग पाच दिवस बापाचे, असं समजुतीनं ठरलं. वकीलबाईंनी विचारलं, कुठले पाच?

"जत्रेचे," मी म्हटलं.

"तारीख सांगा."

"चैत्री पौर्णिमा, मॅडम. दर वर्षी. फिक्स."

दिवाळी आणि मे महिना मी मोठ्या मनानं केतकीला देऊन टाकला. तिनं दोनदा विचारलं, "नक्की?" मला वाटलं, विरघळली. तसंच कागदावर आलं आणि मी ऐटीत सही केली.

आता तुम्ही हसाल, पण खरं सांगतो. आमच्या लहानपणी जत्रेत शाळा भरायचीच नाही. गुरुजीच आमच्या पंगतीला मांडी घालून बसलेले असायचे. जत्रा म्हणजे सुट्टी हे डोक्यात इतकं पक्कं, की चैत्रात नागपुरात शाळा भरत असेल ही शंकासुद्धा आली नाही. बाहेर पडलेल्या माणसाची ही गंमत असते. सगळं जग फिरतो आणि घड्याळ गावातलंच चालवतो.

पहिल्याच वर्षी जत्रा परीक्षेत आली. मी रजा काढून, विमान धरून गावात हजर, आणि ईरा नागपुरात गणिताच्या पेपराला. शेजारचे तात्या म्हणाले, "पोरगी न्हाई आली व्हय?"

"परीक्षा हाय, तात्या."

"कितवीची?"

"दुसरीची."

"दुसरीची? कलेक्टर हुतीया का काय लगेच?"

मी हसलो. आईनं ईरासाठी अंदाजानं घेतलेल्या बांगड्या कागदात होत्या तशाच कपाटात ठेवल्या. पालखी निघाली तेव्हा मी व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला. ईरा म्हणाली, "बाबा, मला फक्त तुझं नाक दिसतंय."

पुढच्या वर्षी जत्रा नव्या वर्गाच्या पहिल्या आठवड्यात. मी केतकीला फोन करून दिवस बदलून मागितले. ती भांडली नाही. म्हणाली, "मे महिन्यात तिला पोहायला घातलंय, पैसे भरून झालेत. पण पाच दिवस तुझेच आहेत. इकडे येऊन घे."

आईला सांगितलं, मी नागपूरला जातोय. ती म्हणाली, "मी बी येते."

"आणि जत्रा?"

लग्न होऊन आल्यापासून तिनं एकही जत्रा चुकवलेली नाही. पिठाचे हात धुवत म्हणाली, "देव काय वाढतोय का? पोरगी वाढतीया."

नागपुरात शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. जत्रेच्या दिवशी आईनं तिथल्या इंडक्शनवर पुरणपोळ्या केल्या. ईरानं दीड पोळी खाल्ली, ताट उचलून ठेवलं आणि "छान झालं होतं" म्हणाली. आई आत येऊन हळूच म्हणाली, "पाव्हण्यावानी जेवतीया रं." मी ईराच्या नव्या वह्यांना कव्हरं घातली, दोन उलटी. तिनं ती काढून स्वतः नीट घातली. तिसऱ्या दिवशी मात्र आजीनं तिला सांगितलं, की तुझा बाप सात वर्षांचा असताना जत्रेत हरवला, गाव विहिरी धुंडाळत बसलं आणि हा रेवडीवाल्याच्या गाडीखाली झोपलेला. पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला. ते तिनं दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ती आजीच्या मांडीवर होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला तिला केतकीच्या इमारतीपाशी सोडलं. आईनं विचारलं, "फुडल्या वर्सी जत्रंला येशील का गं?"

ईरानं खरंच विचार केला. "शाळा असेल, आजी. तूच ये." आणि लिफ्टकडं पळाली.

आम्ही रस्ता ओलांडून उभे राहिलो. आईचं म्हणणं, पोर गॅलरीतून एकदा तरी खाली बघंल. दहा मिनिटं गेली. दुसऱ्या मजल्यावर शाळेचा गणवेश वाळत होता, बाकी कुणी नाही. एक रिक्षावाला "चलना है क्या" विचारून पुढं गेला.

"रमली आसंल," आई म्हणाली. "आपल्या घरात शिरल्याव कोन कशाला खाली वाकून बघतंय."

मी काहीतरी विनोद करायला गेलो, जमला नाही.

गाव कुठलं विचारलं तर मी अजून मुळशी सांगतो, आणि राहतो नेदरलँड्सलाच. पण घर म्हटलं की मला आता नागपुरातल्या त्या रस्त्याची पलीकडची कड दिसते. दर चैत्रात तिथं जाऊन उभा राहतो. टेकायला साधा कट्टासुद्धा नाही.