हसवलेला फोटो

आमच्या टेकडीला बेट म्हणतात ते बाहेरचे लोक. आम्ही टेकडीच म्हणतो. धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं आणि बहुतेक घरं सरकारनं दिलेल्या नव्या गावठाणात आली. त्यात आमचंही. पण ज्यांची शेतं वरच्या अंगाला होती ती मोजकी घरं तिथंच राहिली. पावसाळ्यात पाणी चढलं की टेकडीला चारही बाजूंनी वेढा पडतो, तो उन्हाळ्यापर्यंत सुटत नाही. ये-जा थर्माकोलच्या तराफ्यावर. पाणी उतरलं की चिखलात अडकलेले मासे कुजतात आणि तो वास भाकरीलासुद्धा लागतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाशिमला कॉलेजात मी बेटावरची म्हटलं की सगळे "किती छान" म्हणतात.

मी बी.ए.ला आहे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे सर सांगतील ते बरोबरच असणार असं मला वाटायचं. इतिहासाच्या सरांनी जुन्या फोटोंतून आणि पोस्टकार्डांतून गावांचा इतिहास मांडणारं प्रदर्शन ठरवलं. म्हणाले, "तुझं बेट म्हणजे प्रदर्शनाचं आकर्षण. जे मिळेल ते आण." मला खूप आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

टेकडीवर माझी मोठीमाय राहते, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा नाहीत. ती आणि तिचा मुलगा, माझा दादा, दोघंच. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथं राहिले आणि घरोघर फिरले. पोस्टकार्डं प्रत्येक घरी एकाच ठिकाणी सापडली. खुंटीला टांगलेली वाकडी तार, आणि तिच्यात ओवलेली कार्डं. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेल्यांची. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी, बैलाकडे लक्ष ठेवावे. सगळ्यांत तेच. तारेवरून काढताना झुरळांची वाळलेली अंडी माझ्या मांडीवर सांडायची.

दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की या कार्डांत कुणीच मरत नाही. मोठीमायला विचारलं तर ती हसली.

"मयताचं कार्ड कोणी घरात ठेवते का वं? त्याचा कोपरा फाडेल राह्यते. बाहेरच वाचाचं अन् बाहेरच फाडाचं."

फोटोंचं नेमकं उलटं. फोटोत सगळे मेलेलेच. टेकडीवर जिवंत माणसाचा फोटो कुणी काढत नसे. माणूस गेलं की मात्र एक जण तराफ्यावरून जाऊन फोटोवाल्याला घेऊन यायचा. तोवर मयताला आंघोळ घालून, नवे कपडे चढवून खुर्चीत बसवायचे. पाठीमागून धोतरानं छाती खुर्चीला बांधायची. मिटलेले डोळे मग स्टुडिओत ब्रशनं उघडे करून यायचे. असे कितीतरी फोटो मी पाहिले. सगळ्यांचे डोळे एकाच माणसानं काढलेले, एकसारखे गोल. एका आजोबांच्या मानेखाली त्यांना धरून ठेवणारा दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा दिसत होता. मला किळस आली. आपलीच माणसं आहेत, असं वाटू नये, हे कळत होतं, तरी हात धुवावेसे वाटले. मी धुतलेही.

मोठीमायकडे असा एकच फोटो होता. तिच्या मुलीचा, माझ्या ताईचा. दादा आणि मी जन्मायच्या आधी ती तापानं गेली. पाणी चढलेलं होतं आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला. फोटोत ती पिवळ्या परकरात खुर्चीवर ताठ बसली आहे. ओठ घट्ट मिटलेले, डोळे ते रंगवलेले.

"ने," मोठीमाय म्हणाली. "पण खाली लिहजो का हा गेल्यावरचा हाये म्हून. जिती समजून कोणी पायलेलं मले चालत नाई. जिती होती तवा थे एका जागी बसली नाई कधी."

"तुला हा फोटो बघवतो?" मी भीतभीत विचारलं.

"मी कायले पाहू त्याले? माही पोरगी माह्या डोयात हाये. हा लोकायसाठी."

मी तसंच लिहिलं. 'मृत्यूनंतर काढलेला फोटो. टेकडीवर तशी पद्धत होती.' सरांना सगळं समजावून सांगितलं. मोठीमायची अटही सांगितली. सरांनी मान डोलावली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी लवकर गेले. दारातच थर्माकोलचा तराफा ठेवला होता, मागं निळ्या कापडाचं पाणी, आणि पाटी: 'बेटावर सेल्फी'. मुलं त्यावर चढून हात पसरत होती. आमची कार्डं टाचण्यांनी टोचून भिंतीला लावली होती. त्यांच्यासमोर समोसे खाणं चालू होतं आणि तेच तेलकट बोट लोक ओळींवरून फिरवत होते. "बैलाकडे लक्ष ठेवावे," असं एकानं हेल काढून वाचलं आणि त्याच्या भोवतीचे हसले.

ताईच्या फोटोखाली माझी चिठ्ठी नव्हती. तिथं 'बेटाची लेक' असं रंगीत अक्षरांत लिहिलं होतं.

"अगं, मृत्यू वगैरे अशुभ वाटतं," सर म्हणाले. "पाहुणे येणार आहेत. पॉझिटिव्ह वाटलं पाहिजे. आणि थांब, तुला गंमत दाखवतो."

फोटोशेजारी मोठा टीव्ही होता. सरांनी इशारा केला आणि त्यात ताई दिसली. तोच परकर, तीच खुर्ची. तिनं पापण्या मिटल्या आणि उघडल्या. मान जराशी वळवली. मग ओठ उघडून ती आमच्याकडे बघून हसली. पांढरेशुभ्र, एका ओळीतले दात. परत पापण्या, परत मान, परत हसू. कुठल्याशा ॲपवर फोटो टाकला की होतं म्हणे असं.

"किती गोड!" एक बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

एक क्षण मलाही ती गोड वाटली. आणि तेच मला सहन झालं नाही. मेलेल्या पोरीला बांधून बसवणारे ते लोक निदान रडत तरी होते. इथं तिला पुन्हा खुर्चीत बसवून हसायला लावलं होतं, थांबूच दिलं जात नव्हतं, आणि समोर चटणीचा वास. मी बाहेर जाऊन नळाशी थुंकत राहिले. सर मागून आले.

"काय झालं? उन्हात आलीस का?"

"सर, ते बंद करा ना."

"अगं, लोकांना किती आवडतंय! कॉलेजच्या पेजवर टाकलंयसुद्धा."

मला एवढंच सुचलं की मोठीमायनं हे बघायच्या आत आपण तिथं पोचायचं. मी फोटो भिंतीवरून काढला. सर 'अगं अगं' म्हणत राहिले. एसटी पकडली, फाट्यावरून चालत पाण्यापर्यंत गेले. दादा तराफा घेऊन आला तो हसतच.

"लय भारी बनवलं वं तुमच्या सरनं! मी स्टेटसले ठेवलं. आख्खी टेकडी पाहून राह्यली."

"मोठीमायनं बघितलं?"

"तिले आताच देऊन आलो मोबाईल. काहून, तू रागावली काय? बस नीट, नाई तं पाण्यात जाशीन."

त्याच्यावर ओरडावं असं वाटलं. पण त्यानंही बहिणीला पहिल्यांदाच हलताना पाहिलं होतं. मी तराफ्याची कड धरून बसले. पाण्यावर हिरवट साय धरली होती आणि दादाचा बांबू ती फाडत चालला होता.

मोठीमाय ओट्यावर बसली होती. मोबाईल हातात होता. ताई हसायची, थांबायची, पुन्हा हसायची. बंद कसा करायचा ते मोठीमायला येत नव्हतं. मी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि बंद केला. फोटो तिच्या मांडीवर ठेवला, त्याकडे तिनं पाहिलं नाही.

"मी सांगितलं होतं त्यांना," मी म्हणाले. "खरंच सांगितलं होतं."

"असे दात नव्हते वं तिचे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पुढचा एक पडेल होता. हासली का तिथून जीभ काढे. मी मारो तिले, जीभ आत घे म्हून."

"हो."

"आता डोये मिटले का हेच दात येऊन राह्यले."

तिनं बोटानं स्वतःचा वरचा ओठ वर केला आणि मला दाखवायला लागली. बोट आधी उजवीकडच्या दातावर टेकवलं. मग थांबली. मग डावीकडच्या.

"अथी," ती म्हणाली. "नाई, अथी होता का?"

ओठ तसाच वर धरून ती माझ्याकडे बघत राहिली, मला माहीत असल्यासारखी. मी ताईला कधी पाहिलंच नव्हतं.