चालू झाली तर विकायची

जुनी गाडी खोलली की दोन गोष्टी साठत जातात. एक नट-बोल्ट, दुसरे किस्से. सगळं जिथल्या तिथं परत बसवलं तरी दोन्ही उरतातच, आणि नेमकं कुठून निघालं होतं ते कुणालाच सांगता येत नाही. आमचे उरलेले नट-बोल्ट आईनं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवलेत. किस्से मी इथं ओतते.

आधी मंडळी सांगते. गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. दोन स्ट्रोकची मोटरसायकल, माझ्यापेक्षा वयानं मोठी. एकेकाळी ती गल्लीच्या टोकाला आली की तिच्या आवाजावर आई चहाचं आधण ठेवायची. पुढं ती शिरोळला मामाच्या गोठ्यात गेली, तिथं महापुरात बुडाली, आणि तेव्हापासून आमच्या कळंब्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडात मुकी उभी होती. मेकॅनिक म्हणाल तर मी. शिवलीला, एम.एस्सी. केमिस्ट्री, कुकरच्या शिट्टीला दचकणारी. दुसरी माझी मैत्रीण तेजू. ती कागलच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे, म्हणजे आठवडाभर कारखान्याच्या चुका काढते आणि रविवारी माझ्या. तिसरे शेजारचे सावंत काका, आयुष्यभर ट्रक चालवलेले. ते गाडीला हात लावत नाहीत. प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि सांगतात.

अप्पा गुळाचे व्यापारी, त्यांचा हिशोब सरळ. "चालू झाली न्हाय तर भंगारात. झाली तर विकायची. शेड मोकळं पायजे."

म्हणजे मी हरले तरी गाडी जाणार, जिंकले तरी जाणार. हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी पाना हातात घेतला. कारण लहानपणी जगातल्या प्रत्येक आवाजाला दचकणारी मी, त्या गाडीच्या टाकीवर अप्पांच्या पुढ्यात बसले की दचकायची नाही. तिच्या आवाजात दुसरा कुठला आवाज ऐकूच यायचा नाही. तो आवाज मला एकदा परत पाहिजे होता. पुढचं पुढं.

*

पहिल्या रविवारी सायलेन्सर काढला. आत काजळी साठते, ती झाडायची, एवढं मी व्हिडिओत बघितलं होतं. तेजूनं सायलेन्सर उभा धरून फरशीवर आपटला. आधी शिरोळचा काळा गाळ पडला. मग थोडं गवत. मग एक वाळलेला खेकडा. अख्खा, नांग्या वर करून.

मी किंचाळत मागं सरकले आणि पार्ट धुवायला ठेवलेल्या डिझेलच्या घमेल्यात बसले.

तेजूनं खेकडा उचलून उन्हात धरला, क्वालिटीच्या नजरेनं चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि म्हणाली, "शिवे, गाडीला सर्दी झालती गं. मामानं खेकड्याचा रस्सा पाजलाय."

*

आम्ही लिंगायत. आमच्याकडं अंड्याची जाहिरात छापलेलं कॅलेंडरसुद्धा भिंतीवर लागत नाही. खेकड्याचं कळल्यावर आई तांब्या घेऊन बाहेर आली, गाडीवर पाणी शिंपडलं, हेडलाईटला विभूतीची तीन बोटं ओढली आणि कुणाकडं न बघता आत गेली. आम्हाला वाटलं, विषय संपला.

मग आमचा प्लग ओला निघायला लागला. दर रविवारी. प्लग ओला म्हणजे ठिणगी नाही. पेट्रोल जास्त येतंय म्हणून आम्ही कार्ब्युरेटर खोलला, धुतला, फुंकला, परत बसवला. प्लग ओलाच. परत खोलला. शेवटी तेजूनं प्लग नाकाला लावला.

"ह्याला पेट्रोलचा वास न्हाय. पाणी हाय हे."

शेडाकडं एरवी आईच काय ती फिरकायची, म्हणून मी तिच्याकडं गेले. आठवडाभर आम्ही प्लग काढून त्या भोकात चिंधी कोंबून ठेवायचो.

"मी रोज पूजा झाली की थोडं तीर्थ घालते की," आई म्हणाली.

"कुठं?"

"तुम्ही चिंधी कोंबता न्हवं, तिथं. चिंधी काढते, घालते, परत कोंबते. मी काय अडाणी हाय व्हय?"

*

स्पेअर पार्टच्या दुकानात जायचं म्हटलं की मी आधी दोनदा दारावरून पुढं जाते. काउंटरवर गर्दी, सगळे पुरुष, सगळ्यांना सगळं माहीत. म्हणून मी वाक्य पाठ करून जाते. त्या दिवशी तेजूनं येताना मिसळ पण आणायला सांगितली होती, कट म्हणजे वरचा तिखट रस्सा वेगळा बांधून. म्हणजे पाठ करायची वाक्यं झाली दोन.

काउंटरवरच्या मामांनी विचारलं, "बोला ताई."

मी एका दमात म्हणाले, "एक क्लच वायर द्या, कट वेगळा बांधा."

सगळं दुकान माझ्याकडं वळलं. मामा शांतपणे आत गेले, वायर घेऊन आले, कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"ताई, वायर सुक्कीच मिळती. तेल घरात जाऊन लावायचं."

*

आता सावंत काका. त्यांच्याकडं गाडीच्या सगळ्या दुखण्यांना एकच निदान: पॉइंट. पॉइंट म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इंजिनातला छोटासा खटका. गाडी चालू होत नाही? पॉइंट. हॉर्न वाजत नाही? पॉइंट. आमचा मिक्सर जळला तेव्हाही ते कुंपणावरून म्हणाले, "वैनी, पॉइंट बघून घ्या." तेजूनं एक स्थळ नाकारलं तर म्हणाले, "पोराचा पॉइंट सरकलेला असणार. बरं केलंस."

एका रविवारी खुर्चीत मागं रेलून ते म्हणाले, "दोन स्ट्रोकचं इंजिन येडं असतंय बघा. पॉइंट जरा सरकला आणि किक हलक्या पायानं बसली, तर उलटं फिरतंय. फर्स्ट गिअर टाकला की गाडी मागं. माझ्या मेव्हण्याची गेलती. थेट उकिरड्यात."

तेजूच्या हातातला पाना गळून पडला. ती पोट धरून हसत होती. "काका, गाडी न्हाय उलटी गेली. मेव्हण्याच्या पोटात काय होतं ते सांगा."

मीही हसले. हसायला नको होतं, पण उकिरड्यात उलटा निघालेला मेव्हणा डोळ्यांपुढं आला.

काका उठले. खुर्ची उचलली, काखेत मारली.

"हसा. हसा की. दिवस येतोय."

आणि मग बरेच रविवार ते कुंपणापलीकडंच खुर्ची टाकून बसले. आमच्याकडं पाठ करून. पण खुर्ची दर रविवारी जरा जरा आमच्या बाजूला सरकत होती.

*

गाडी चालू झाली तेव्हा मी तिथं नव्हते. म्हणजे किक मीच मारली. पण चालू झाली तेव्हा मी स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागं होते.

झालं असं, की इतके महिने किक मारून मारून माझा पाय निवांत झाला होता. काही होणार नाही, याची खात्री होती. सवयीनं मारली, आणि शेडाचे पत्रे थडथडले, धूर झाला, पुढचं मला आठवत नाही.

आई भाकरी थापत होती. "काय झालं?"

"गाडी चालू झाली."

"मग तू आत का आलीस?"

बाहेरून तेजू ओरडत होती, "शिवे, मी क्लच सोडू नको म्हणालतो. तू गाडीच सोडून गेलीस की!"

मी बाहेर आले. अप्पा दुकानातून नुकतेच आले होते. एका हातात डबा, दुसरा हात गेटवर. आत येत नव्हते, बाहेर जात नव्हते. गाडी धडधडत होती आणि ते नुसते ऐकत होते. मग आईला हाक मारून म्हणाले, "आधण ठेव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला फोन करून गाडी देतो म्हणून सांगितलं. शब्द म्हणजे शब्द.

*

ते पुण्याचे पाहुणे गाडी न्यायला येईपर्यंत ती आमची होती. म्हणून तेजू चालवायला आणि मी मागं, असं तलावाकडं निघालो. वाटेत कळंब्याचं जेल. भिंतीच्या अगदी कडेला आल्यावर तेजूनं गिअर कमी केला आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला की झाडावरची सगळी पाखरं उठली.

गाडी बंद पडली. बंदोबस्तावरचा एक शिपाई धावत आला. मी मागच्या सीटवर दोन्ही हात वर करून बसले होते. कधी वर केले, मला माहीत नाही.

त्यानं आधी गाडी बघितली, मग तेजूला, मग मला.

"ताई, हात खाली घ्या. सरेंडर आतल्या लोकांनी केलंया. तुम्ही कशाला?"

*

आणि मग तो रविवार.

सकाळी मी पोह्यांना कांदा चिरत होते. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते कांद्याचं आहे असं मी आईला दोनदा सांगितलं, तिनं एकदाही विचारलं नव्हतं. खिडकीतून सावंत काका दिसले. खुर्ची नव्हती. हातात स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर होता.

"पावणं यायच्या आत जरा पॉइंट बघून घेतो," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी गाडीला हात लावला. मी म्हटलं, चला, रुसवा गेला.

पाहुणे आले. पांढरा लिननचा शर्ट, पायात त्याच सकाळी घेतलेली करकरीत कोल्हापुरी चप्पल. गाडी अंगणात उभी, तोंड गेटकडं, पाठ शेडाकडं. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला, मोबाईल तेजूच्या हातात देऊन व्हिडिओ काढायला सांगितला.

"आमच्या हॉटेलच्या दारात उभी करणार," ते म्हणाले. "इंजिन काढून टाकू. आत छान लायटिंग बसतं. लोक फोटो काढतात."

अप्पांच्या हातातली बशी जागच्या जागी थांबली. पण शब्द दिलेला. मी आईच्या पदराचं टोक धरलं, या वयात.

"एकदा गेटपर्यंत चालवून बघतो," पाहुणे म्हणाले आणि बसले. चप्पल नवी, म्हणून किक अगदी जपून, हलकेच मारली.

गाडी एका झटक्यात चालू झाली. आवाज जरा घोगरा वाटला, पण चालू झाली. पाहुणे कॅमेऱ्याकडं बघून हसले. फर्स्ट गिअर टाकला. समोर गेटकडं बघत, आईला हात हलवून "येतो" म्हणत त्यांनी क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

पडली नाही, अडखळली नाही. पाहुण्यांचं तोंड गेटकडं, हात तसाच निरोपाचा वर, आणि गाडी सावकाश, सरळ रेषेत, अंगणातून मागं मागं शेडाच्या दारातून आत गेली. आतल्या भिंतीला नंबरप्लेट टेकली आणि बंद पडली. रोज उभी असायची तिथंच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी दचकले नव्हते.

शेडातून पाहुण्यांचा आवाज आला, "हे काय आहे?"

तेजू व्हिडिओ काढतच होती. मोबाईल गदगदा हलत होता. "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी," ती कशीबशी म्हणाली.

कुंपणाच्या अलीकडं, आमच्या बाजूला, प्लॅस्टिकची खुर्ची कधी आली होती कुणास ठाऊक. सावंत काका तीत बसून बशीतला चहा फुंकत होते. "माझ्या मेव्हण्याची उकिरड्यात गेलती," ते चहाला म्हणाले. "ही घरात तरी गेली."

अप्पांनी काकांकडं बघितलं. शेडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग हातातली बशी खाली ठेवून शेडाच्या दारात गेले आणि पाहुण्यांना उतरायला हात दिला.

"पावणं, पोहे झाल्यात, खाऊन जावा," ते म्हणाले. "पोरीला स्थळ पसंत न्हाय."