दादाचं पोट आणि कमिटी

माझा मोठा भाऊ न्हावी. दुकानात खुर्ची एकच, आणि ती गिऱ्हाइकापेक्षा त्यालाच जास्त लागायची. पोटात कळ आली की कात्री बाजूला ठेवून तो खुर्चीच्या पाठीवर ओणवा व्हायचा. तसं वाकलं की कळ जरा दबते. स्वादुपिंडाची जुनाट सूज, हे नाव कळायलाच कित्येक वर्षं गेली. तोवर नातेवाइकांनी निदान करून टाकलं होतं: दारू! दादा थेंबालाही शिवलेला नाही. घरातले खरे पिणारे ठणठणीत, आणि उपदेश दादाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

त्याच्यावर उपचार करणारे पोटाचे डॉक्टर केस कापायला त्याच्याकडेच येत. एकदा मी दुकानात असताना खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, की या आजाराचं एक नवं औषध पाच रुग्णालयं मिळून तपासणार आहेत. एकेका ठिकाणी रुग्ण थोडे, म्हणून सगळीकडे एकाच पद्धतीने. घोडं अडलं होतं पैशांपाशी.

"पैसे मंजूर करणाऱ्या कमिटीला आकडे दाखवून थकलो हो," डॉक्टर म्हणाले. "त्यांना दुखणं कळायला हवं. तुम्ही याल बोलायला?"

"मग मला मिळेल ना ते औषध?"

"आधी पैसे तर मिळू देत. तुमच्याशिवाय हे उभं तरी राहील का?"

यात 'हो' कुठेच नव्हतं. पण गरजवंताला अक्कल नसते. आम्हा दोघांनाही ते 'हो'च ऐकू आलं.

मी दादाबरोबर गेले होते. लांबलचक टेबल, पलीकडे कमिटी. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माझा भाऊ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, जेवलो की माझं दुखतं. त्यामुळे माझी पोर मला वाढायला घाबरते." एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. पैसे मंजूर झाले. मग दादाला सल्लागार म्हणूनही बोलावू लागले: रुग्णांना काय विचारावं, किती वेळा बोलवावं. दुकान बंद ठेवून तो जायचा, इस्त्रीचा शर्ट घालून. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा!

नाव नोंदवायच्या दिवशी नर्सने कागद बघितले आणि मान हलवली. "तुम्ही सल्लागार होता ना? अभ्यास आखणाऱ्यांना त्यात औषध देता येत नाही. निकालावर शंका घेतात लोक."

"मग दुसऱ्या रुग्णालयात?" मी विचारलं.

"पाचही ठिकाणी एकच नियम आहे, ताई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा मात्र घरी येईपर्यंत डॉक्टरांचीच बाजू घेत होता. "अगं, त्यांना तरी कुठे माहीत असणार? ते विचारतील वर."

पुढच्या आठवड्यात डॉक्टर केस कापायला आले. मी मुद्दाम दुकानात जाऊन बसले होते. दादाने त्यांना कापड गुंडाळलं आणि हळूच विचारलं, "हा नियम नवीन निघाला का हो?"

डॉक्टर आरशात बघेनात. "नाही. पहिल्यापासूनच होता. मीच लिहिला होता."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोलायला आला असता?"

दादाने कात्री बाजूला ठेवली. त्याला कळ आली आणि तो खुर्चीच्या पाठीवर वाकला. डॉक्टर चटकन उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हात काढा," दादा म्हणाला. त्या आवाजात तो कुणाशी बोललेला मी कधी ऐकला नव्हता.

ते गेले. औषध इतरांना मिळतंय, कुणाकुणाला गुण येतोय, असं कानावर येतं. येऊ दे बापड्यांना. पण त्या दिवसापासून दादाने पोट दुखतंय हे कुणालाही सांगणं सोडलं. कळ आली की तो आत जाऊन दार लावून घेतो, आणि मी विचारलं तर म्हणतो, "काही नाही गं."