गळा नातीचा, कान आजोबांचे

दवाखान्यात सगळे तिला 'गप्पबाई' म्हणत, कारण आलेल्या प्रत्येकाला ती आधी गप्प बसवायची. वाचा-उपचार हे तिचं काम. एक्स-रेच्या पलीकडे तिची चिंचोळी खोली: दोन खुर्च्या, आरसा, पाण्याचे पेले आणि स्ट्रॉचा गठ्ठा. एवढ्यावर बावीस वर्षं ती बसलेल्या आवाजांना उठवत आली होती.

एक दिवस एकोणीस वर्षांची गायिका वडिलांबरोबर आली. स्पर्धेत वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला होता. घशाच्या डॉक्टरांनी कॅमेऱ्यानं पाहिलं, तर स्वरतंतूंवर दोन बारीक गाठी.

"ऑपरेशन करून टाका एकदाचं," वडील म्हणाले.

"आधी मला तीन महिने द्या," गप्पबाई म्हणाली. "ऑपरेशन काही पळून जात नाही."

गाणं बंद झालं. पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत हुंकार भरायचा, बोलायचं ते मोजकं आणि हळू. पोरगी गुणी, सांगितलं ते तंतोतंत करायची. तरी सहा आठवड्यांनी गाठी जशाच्या तशा! पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, वडिलांनी फाईल काखेत मारली. दुसरं कोणी असतं तर 'चोरून गात असशील' म्हणून मोकळं झालं असतं. गप्पबाई म्हणाली, "उद्या मी घरी येते."

दुसऱ्या दिवशी ती जिना चढत होती, तोच वरून आरोळी आली, "आजोबाऽऽ, गोळी घेतली काऽऽ?"

गप्पबाई जागच्या जागी थबकली. आवाज तिच्याच पेशंटचा होता.

"अगं, हळू बोलायचं ठरलं होतं ना?" दारातच तिनं विचारलं.

"बोलले कुठं? आजोबांना नुसती हाक मारली," पोरगी निरागसपणे म्हणाली.

आजोबांनी चाळीस वर्षं छापखान्यात काढली होती, कान तिथंच गेले. पण कबूल करतील तर शपथ! "मला लख्ख ऐकू येतं. हल्ली माणसंच पुटपुटतात," म्हणायचे. आईवडील कामावर, त्यामुळे दिवसभर त्यांच्याशी बोलायला नात एकटी.

गप्पबाई त्यांच्यासमोर उजेडात बसली. न ओरडता, ओठ नीट हलवत म्हणाली, "आजोबा, तुम्हाला ऐकू जावं म्हणून ही दिवसभर ओरडते. गळा त्यानं सोलवटतोय."

म्हातारा नातीकडे बघत राहिला. "मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असेल. ऐकू आलं नसेल."

आधी ते खो खो हसले, मग डोळे पुसले. "माझा शर्ट आण गं. जिथं कान तपासतात तिथं जाऊ."

आठवडाभरात कानाला यंत्र लागलं. सुरुवातीला चमचा पडला तरी दचकायचे, पण यंत्र काढलं नाही. दोन महिन्यांत गाठी विरल्या. मग गप्पबाईनं पोरीला दहा मिनिटं, वीस मिनिटं असं करत पुन्हा गाण्यावर आणलं.

तिच्या पहिल्या कार्यक्रमाला आजोबा पुढच्याच रांगेत होते. संपल्यावर गप्पबाईला गाठून हळूच म्हणाले, "गाते बरी. पण दुसऱ्या गाण्यात घाई करते."

गप्पबाईच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.