नाणं न मागणारी सुरी

आमच्या आर्रोयो सेको गावात तीनशे पाकीटसुऱ्या असतील आणि पाकीट एकही नाही. सुऱ्या सगळ्या माझ्या नवऱ्याने, अनसेल्मोने, ठोकलेल्या. धान्याच्या सोसायटीत वजनकाट्यावर चौतीस वर्षं बसला, लोखंड ठोकायचा नाद तेव्हापासूनचा. शेडमध्ये भट्टी पेटवायची, रेल्वेरुळाचा तुकडा हीच ऐरण, आणि झिजलेल्या कानशी लाल करून त्यांच्या सुऱ्या ओढायच्या, पाकिटं फोडायला. मुठीला पीळ, टोकाला गव्हाची ओंबी नाहीतर घोड्याचं तोंड. ओंबीचा दाणा न् दाणा वेगळा दिसतो, हे मीही कबूल करते. पण पत्रं लिहितंय कोण? विजेचं बिलसुद्धा आता फोनवर येतं.

लग्न असो, बारसं असो, अनसेल्मोची भेट ठरलेली. लोक बिचारे घेतात. बेकरीवाली त्या सुरीने एम्पनादाच्या करंज्या उलटते, पाद्रीबाबा कुंडीतलं तण काढतात, आणि शेजाऱ्याने घोड्याच्या खुरातली घाण काढायला दोन ठेवल्यात. अनसेल्मोला हे सगळं माहीत आहे. "गैरवापर होतोय," एवढंच म्हणतो आणि पुढची कानस तापत घालतो.

याचं मूळ मला ठाऊक आहे, कारण भोगलंय मीच. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत हा खरे चाकू करायचा. धाकटा भाऊ फाउस्तो पन्नाशीचा झाला, तेव्हा वडिलांच्या जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून, तीन महिने खपून, त्याच्यासाठी चाकू केला. आता आमच्याकडे पातं भेट घेतलं की घेणाऱ्याने तिथल्या तिथे एक नाणं हातावर ठेवायचं, कितीही क्षुल्लक असो. नाहीतर ते पातं आधी नातं कापतं. फाउस्तोने चाकू कमरेला खोचला, खिसे चाचपले, "नंतर देतो रे" म्हणाला आणि भाजलेल्या मांसाकडे वळला. महिन्याभरात दोघांचं त्याच ट्रकवरून वाजलं. विकायचा की ठेवायचा, एवढीच गोष्ट. ट्रक जागच्या जागी गंजला, आणि बोलणं बंद झालं ते झालंच.

"त्याने नाणं दिलं नाही," अनसेल्मो म्हणायचा. "त्याला मी काय करणार?"

म्हणजे चूक नाण्याची. दोन गाढवांचा तिथे काही संबंधच नाही. त्या दिवसापासून त्याने कापणारी वस्तू करायची सोडली. कागद फाटावा पण बोटाला ओरखडा येऊ नये, अशी सुरी. तिला नाणं लागत नाही, म्हणून तिच्यामुळे कोणी तुटत नाही.

माझं दुखणं वेगळं. फाउस्तोची बायको एर्मिन्दा ही माझी सख्खी बहीण. त्यांचं शेत चाळीस किलोमीटरवर. दर रविवारी आम्ही दोघी एका परातीत कणीक मळायचो, ते गेलं. मग महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मला शहरात दातांच्या डॉक्टरकडे जावं लागू लागलं. तिलाही. बस स्टँडसमोरच्या कॅफेत तासभर बसायचं आणि चोरासारखं घरी यायचं. साठी उलटली तरी माझा एक दात हललेला नाही, आणि नवऱ्याला त्याचं कधी नवल वाटलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी फाउस्तोचं पत्र आलं. अनसेल्मोने पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि ते तसंच माझ्याकडे ढकललं. "टाक हे." शेडभर पाकीटसुऱ्या लटकतायत आणि हा म्हणतो टाक. मी ते नाताळच्या टेबलक्लॉथखाली टाकलं. आत काय आहे ते एर्मिन्दालाही माहीत नव्हतं. उघडावंसं मला वाटलं नाही असं नाही, पण पत्र माझ्या नावाचं नव्हतं.

आता यंदाच्या मार्चचं सांगते. आमच्या भागात चाकूवाल्यांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा क्लबच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरतं, आणि त्यांच्या लांब टेबलाशी बसायला मिळावं म्हणून अनसेल्मो झुरत होता. तीनदा अर्ज केला, तीनदा "खेळणी आहेत ही" म्हणून परत आला. चौथ्यांदा म्हाताऱ्या प्रमुखाला, बासिलिओला, दया आली. त्यांचा नियम एकच. पातं कशासाठी आहे ते कारागिराने सांगायचं आणि तेच काम सगळ्यांसमोर करून दाखवायचं.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. एकाने टांगलेला दोर एका फटक्यात उडवला. एकाने दंडावरचे केस उतरवले. एकाने बरगड्या अशा सोडवल्या की लोक ताट घेऊनच पुढे सरकले. मग अनसेल्मो आला, इस्त्रीचा शर्ट, हातात ओंबीवाली सुरी.

"ही काय कापते?" बासिलिओने विचारलं.

"काही कापत नाही. बंद पाकीट उघडते."

"मग उघड."

अनसेल्मोने खिसे चाचपले. अगदी भावासारखे. पाकीट नव्हतंच आणलं त्याने. हॉलमध्ये शंभर माणसं, कोणाकडेच नव्हतं. कोणी म्हणालं, वर्तमानपत्र दुमडून द्या.

"तसं नाही चालणार," बासिलिओ म्हणाला. "सांगितलं तेच काम. का रे, तीनशे सुऱ्या केल्यास आणि घरात पाकीट नाही?"

लोक हसले. मी उठले आणि पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. एक्केचाळीस वर्षं याच्याबरोबर काढलीत, हा काय विसरणार ते मला सकाळीच माहीत होतं.

अक्षर पाहून त्याचा चेहरा उतरला. "हे तू ठेवलंस?"

"तू टाक म्हणालास. कुठे टाकू ते नाही सांगितलंस."

"अगं नेली, दुसरं आण."

"दुसरं नाही."

"काय झालं?" बासिलिओ म्हणाला. "धार नाही वाटतं."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. तो सुरी ठेवून निघून गेला असता, तर मी उरलेलं आयुष्य दातांच्या डॉक्टरकडेच काढलं असतं. पण पाठ फिरवली तर टेबल गेलं, आणि ते टेबल त्याला फार हवं होतं. त्याने सुरीचं टोक पाकिटाच्या कोपऱ्यात सरकवलं आणि एका ओढीत घडी सरळ फाडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाकिटातून एक नाणं निसटलं, टेबलावर गरगरलं आणि आडवं झालं. त्यात आज एक गोळीसुद्धा येत नाही.

बरोबर चिठ्ठी होती. त्याने मनात वाचली आणि माझ्या हातात दिली. "त्या दिवशी खिशात खरंच नव्हतं. हे घे. येत्या रविवारी कोकरू भाजतोय. दोघं या. मी वाट बघतो."

येता रविवार. नऊ वर्षांपूर्वीचा. मला रडू फुटलं आणि लोकांना वाटलं, सुरी पास झाली म्हणून.

बासिलिओ खुर्ची ओढून "बस" म्हणत होता. अनसेल्मोने नाणं शर्टाच्या खिशात घातलं, सुरी आणि पाकीट उचललं आणि मला म्हणाला, "गाडीत बस." चाळीस किलोमीटर त्याने गाडी थेट भावाच्या शेतावर आणली.

फाउस्तो अंगणात होता, पार पांढरा झालेला. तोच चाकू कमरेला. त्याने गाडी पाहिली, मग अनसेल्मोच्या हातातलं फाडलेलं पाकीट पाहिलं.

"कोकरू संपलं," तो म्हणाला.

अनसेल्मोने सुरी पुढे केली. फाउस्तो सवयीने खिशात हात घालायला लागला.

"नाणं नको," अनसेल्मो म्हणाला. "कापत नाही ती."

फाउस्तोने पात्यावरून अंगठा फिरवला. ओरखडा आला नाही. "मग असते कशाला?"

"पत्रं उघडायला."

फाउस्तोने त्या फाडलेल्या पाकिटाकडे बोट दाखवलं. "आणि ती करतोस तू?" म्हणाला.

फाउस्तोने सुरी चाकूच्या शेजारी कमरेला खोचली आणि आत एर्मिन्दाला हाक मारली, दोन ताटं जास्त मांड म्हणून.