जयनगर ते येलहंका, झाकण न उघडता

या ब्लॉगवर आजवर हंपी, गोकर्ण, चिकमगळूर सगळं येऊन गेलंय. त्यापुढे आजचा प्रवास किरकोळ वाटेल. एकच शहर, एकच दिवस, एकदाही हद्द ओलांडली नाही. पण खरं सांगतो, हंपीच्या टेकड्या चढताना झाली नव्हती एवढी धडधड परवाच्या शनिवारी हेब्बाळच्या उड्डाणपुलावर झाली. कारण मांडीवर तीन लिटर सूप होतं, आणि ते गरम पोचायलाच हवं होतं.

आधी थोडं घरचं सांगतो. आम्ही मूळचे नागपूरचे. मी बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला, बोम्मसंद्र्याला, कारखान्यापासून दहा मिनिटांवर राहतो. धाकटी बहीण मीनल बरोबर उलट्या टोकाला, येलहंक्याला. तिला डॉक्टरांच्या तारखेच्या तीन आठवडे आधीच मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात नागपूरला आई अंगणात घसरून पायाला प्लॅस्टर घालून बसली. त्यामुळे बाळंतिणीजवळ मोठं माणूस कुणी नाही. निखिल, म्हणजे मीनलचा नवरा, जमेल तेवढं करतो. स्वयंपाकाच्या बाई सकाळी सातला येऊन साडेआठला जातात. मी फोनवर मीनलला विचारलं, तुझ्यासाठी काय आणू?

“दादा, काहीतरी गरम आण ना,” ती म्हणाली. “अकरा दिवसांत एक घास गरम खाल्ला नाहीये. ताट वाढलं की ही उठते. हिला झोपवून येते तर सगळं थंडगार. मग मायक्रोवेव्ह. तो वाजला की ही परत उठते.”

हसत हसत सांगत होती, पण शेवटी आवाज बारीक झाला. हेच ऐकून तिकडे आई रोज रडत होती आणि दोन्हीकडचे फोन मला येत होते.

मग काय, त्याच रविवारी मी मोठ्या ऐटीत हॉटेलातलं टोमॅटो सूप फ्लास्कमध्ये भरलं आणि निघालो. आता माझा स्वभाव सांगायला हवा. मी कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तपासून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. जयनगरला एकदा झाकण उघडून पाहिलं, वाफ होती. मॅजेस्टिकला पाहिलं, वाफ होती. हेब्बाळच्या जॅममध्ये दोनदा पाहिलं. येलहंक्याला पोचेपर्यंत सगळी वाफ मीच पाहून संपवली होती. मीनल ते कोमट सूप प्यायली आणि “छान आहे रे” म्हणाली. लहानपणी मी काढलेल्या चित्रांना ती असंच छान म्हणायची. मला फार वाईट वाटलं.

म्हणून परवाच्या शनिवारी सकाळी सातला बोम्मसंद्र्याहून पिवळ्या मेट्रोने निघालो ते थेट अक्काकडे. अक्का म्हणजे माझी जुनी घरमालकीण. या शहरात नवा होतो तेव्हा जयनगरला तिच्या वरच्या खोलीत दोन वर्षं राहिलो. तिच्या घरचे लोक तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इकडचेच झाले. बँकेतून निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली, पण हुकूम अजून कॅशियरचाच. मेट्रोला साठेक रुपये लागतात आणि होसूर रोडची ट्रॅफिक वरून बघायला मिळते, तेवढ्यासाठीसुद्धा तिकीट काढावं असं माझं मत आहे. डब्यात निम्मे लोक माकडटोपीत होते. बाहेर सोळा अंश असेल नसेल. नागपूरकराला याला थंडी म्हणताना जड जातं, पण वारा मात्र बोचरा होता आणि आभाळ भरून आलं होतं.

जयनगरला मंडईच्या रस्त्यावर हातगाड्यांवर अवरेकाईचे ढीग. अवरेकाई म्हणजे इकडचे हिवाळी पावटे. यांचा वास असा की गल्लीच्या तोंडाशीच भूक लागते. जानेवारीत बेंगळुरूला येणार असाल तर बाकी काही बघा न बघा, हे खाऊन जा. हंगामाचं सूप करायचं तर याचंच, असं ठरवून मी किलोभर घेतले आणि अक्काच्या ओट्यावर ठेवले. अक्काने पिशवीत डोकावून कपाळाला हात लावला.

“काय रे अभया, बाणंतीला अवरेकाई देतेत काय? त्या एवढ्याशा लेकराचं पोट धरलं तर तू येणार काय रात्री उठून?”

“मग काय करायचं, अक्का?”

“बाणंती सारु करायचं. बस तिथं. लसूण सोल.”

तर हे बाळंतिणीचं सार. तूरडाळ भरपूर पाण्यात शिजवून घोटून घ्यायची. लोखंडी पळीत मिरे, जिरे तुपावर भाजून जाडसर कुटायचे. लसूण म्हणजे चार पाकळ्या नव्हे, सोलता सोलता बोटं चुरचुरतील एवढा. तो तुपात लाल होईपर्यंत परतायचा, त्यावर मूठभर शेवग्याचा कोवळा पाला, मग डाळीचं पाणी, मिरे-जिरे, हळद, मीठ. चिंच नाही, मिरची नाही. मी सवयीने चव घ्यायला चमचा बुडवला तर अक्काने मनगटावर पळी मारली.

“आधी ती खाईल. मग तू.”

सार उकळत होतं तेव्हा मी माझं यंत्र बाहेर काढलं. कारखान्यातल्या पॅकिंगवाल्याकडून मागून आणलेला थर्मोकोलचा जाड खोका, आतून चंदेरी कागद लावलेला. मला वाटलं अक्का खूश होईल. तिने खोक्यात हात घालून चारी बाजूंना फिरवला.

“एवढी रिकामी जागा कोणासाठी? वाऱ्याला बसायला?”

पुढचा अर्धा तास मी जे शिकलो ते इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. भांडं मोठं घ्यायचं, थोडं सार लवकर निवतं, पुष्कळ असलं की टिकतं. भांडं आधी उकळत्या पाण्याने आतून तापवून घ्यायचं. सार खळखळ उकळत असतानाच काठोकाठ ओतायचं, झाकणाखाली बोटभरही जागा ठेवायची नाही. मग भोवती जुनी गोधडी, खाली-वर दुमडून, खोक्यात कुठेही हात जाणार नाही इतकी घट्ट. तिची आई म्हणे टोपलीत भाताचं तूस भरून त्यात पातेलं पुरून ठेवायची, संध्याकाळपर्यंत हात लावता यायचा नाही.

“पण अक्का, वाटेत कळणार कसं, गरम आहे की नाही?”

मागच्या रविवारची हकीकत मी तिला सांगून बसलो होतो, तीच चूक झाली. तिने एक सुती धोतराचा तुकडा आणला, झाकणावरून भांड्याला बांधला आणि गाठ मारली. मग दुसरी. मग तिसरी. अशा पाच गाठी.

“ह्या तिनंच सोडायच्या. तू हात लावायचा नाही. सरी?”

“सरी,” मी म्हणालो. म्हणजे कबूल.

साडेदहाला जयनगर मेट्रोवर पोचलो. सुरक्षा तपासणीत खोका पट्ट्यावर ठेवला आणि पलीकडे पडद्यावर बघणाऱ्या बाईंच्या भुवया वर गेल्या. गोधडीत गुंडाळलेलं गोल काहीतरी.

“एनु सर इदु? ओपन माडी.” हे काय आहे, उघडा.

खोका उघडला. मग गोधडी बाजूला करायला सांगितली. एवढ्या मेहनतीची ऊब तिथेच सांडणार. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणालो, “बाणंती सारु, मॅडम. नन्न तंगीगे.” बहिणीसाठी आहे.

बाईंचा चेहराच बदलला. हात नुसता गोधडीवरून फिरवला, वाकून वास घेतला आणि विचारलं, “मेणसु हाकिद्दीरा?” मिरी घातलीत ना? मी म्हटलं, भरपूर. मागच्या रांगेला थांबवून त्यांनी स्वतः खोक्याचं झाकण नीट बसवलं. “होगी सर, होगी.” जा म्हणे, जा. या शहरात सहा वर्षं काढली, पण इतक्या मानाने कुठल्याच दारातून आत गेलो नव्हतो.

मेट्रोने मॅजेस्टिकला, म्हणजे शहराच्या मुख्य बसस्थानकाला, उतरलो. तिथून येलहंक्याच्या असंख्य बस आहेत, घाई करू नका, खिडकीची जागा मिळेपर्यंत एखादी सोडा. एसी बस महाग पडते पण सूप असेल तर साधी घेऊ नका, दरवाजे उघडे राहतात. मेखरी सर्कलपर्यंत मजेत आलो. मग भुरभुर पाऊस सुरू झाला आणि हेब्बाळच्या उड्डाणपुलावर बस जी थांबली ती थांबलीच. दहा मिनिटं, वीस मिनिटं. खोक्याला बाहेरून हात लावला तर गार. म्हणजे आत ऊब अडली आहे की संपली आहे? माझ्या क्वालिटी विभागाच्या बोटांना खाज सुटली.

शेजारी माकडटोपी घातलेले एक आजोबा बराच वेळ नाक वर करून होते. लसणाचा वास पाच गाठींना जुमानत नव्हता. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, “बिसी इदेया?” गरम आहे का?

“माहीत नाही, आजोबा,” मी हिंदीत म्हणालो.

“तो खोलके देखो ना, स्वल्प!”

झालं. मी खोका उघडला, गोधडी सैल केली, गाठीवर बोटं ठेवली. पहिली गाठ सुटलीही असती. तेवढ्यात मीनलचं ते “छान आहे रे” आठवलं आणि मी आजोबांना नुसत्या पाच गाठी दाखवल्या, कुणी आणि का मारल्या ते सांगितलं. ते इतके हसले की टोपी डोळ्यांवर आली. मग त्यांनीच गोधडी पुन्हा कोंबून दिली आणि येलहंका येईपर्यंत एक हात खोक्यावर ठेवून बसले, मी पुन्हा उघडू नये म्हणून असावं.

सव्वा वाजता मीनलच्या घरी पोचलो. रात्रभर जागलेला निखिल सोफ्यावर बसल्या बसल्याच झोपला होता, त्याला उठवावंसं कुणाला वाटलं नाही. मीनल हात धुऊन टेबलाशी बसली. मी खोका उघडणार तोच वरून हवाई दलाच्या तळावरचं एक विमान गेलं आणि आतून भाचीने सूर लावला.

“तू ओत वाटीत, मी आलेच,” मीनल उठत म्हणाली.

या “आलेच” मध्येच इतक्या दिवसांची सगळी जेवणं निवली होती, हे मला तेव्हा कळलं. मी ओतलं नाही. खोका बंद केला आणि त्याच्यावर हात ठेवून बसलो. पावणेदोन झाले. सव्वादोन. बाळ दूध पिऊन झोपलं, खाली ठेवलं, उठलं. पुन्हा झोपलं, पुन्हा उठलं. मीनलने एकदा दारातून विचारलं, “निवलं असेल ना रे?” मला खरंच माहीत नव्हतं. पावणेतीनला मी आत गेलो आणि म्हणालो, “दे तिला इकडे.”

“तुला येतं का धरायला?”

“शिकव. आणि जेवायला बस.”

मान अशी, हात असा, असं करत तिने तो कापडाचा गरम गठ्ठा माझ्या खांद्यावर ठेवला. भाची रडली, मी गॅलरीत फेऱ्या मारल्या. नागपूरच्या घराची, आजीच्या पायाची, बोम्मसंद्र्याच्या मशीनची, जे सुचेल ते बडबडलो. क्वालिटीवाल्याची बडबड ऐकून भलेभले झोपतात, तीही झोपली.

आत मीनल एकेक गाठ सोडत होती. पाचवी सुटली. झाकण उघडलं आणि तिचा चष्मा पांढरा झाला. तिने तो पुसलाही नाही. वाटी भरली, घाईघाईने तोंडाला लावली आणि ओरडली,

“आई गं! दादा, जीभ भाजली!”

हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग फुंकर घालून, तूप वाटीच्या कडेला ढकलत, बसून, सावकाश, एकापाठोपाठ एक अशा चार वाट्या ती प्यायली. पाच तास झाले होते उकळी उतरून. मी गॅलरीतून बघत होतो आणि मलाही रडू येत होतं, पण खांद्यावर झोपलेलं माणूस होतं म्हणून आवाज केला नाही. उरलेलं निखिलने उठल्यावर भातावर घेतलं. मला शेवटी एक वाटी मिळाली. मिरी थेट कानापर्यंत गेली.

परतीच्या वाटेवर अक्काकडे भांडं आणि गोधडी द्यायला थांबलो. तिने धोतराचा तुकडा उलटसुलट करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, “सरी” म्हणाली आणि अवरेकाईच्या साराचा डबा हातात दिला. माझ्याच किलोभराचं होतं, दिवसभर सोलून केलेलं.

पुढच्या शनिवारीही जाणार आहे. खोका तोच, गोधडी अक्काने कायमची दिली आहे. तुमच्यापैकी कुणी असा प्रवास करणार असाल तर वरचं सगळं कराच, पण पोचल्यावर डबा ठेवून लगेच निघू नका. आधी बाळ मागून घ्या. मी पहिल्या रविवारी तेच विसरलो होतो.

घरी येऊन जेवायला बसलो तोच नागपूरहून आईचा फोन. दिवसभर तिने कसा काढला असेल ते मला माहीत होतं.

“काय रे, गेला होतास ना? गरम होतं का?”

“आई, तिची जीभ भाजली.”

 पलीकडे प्लॅस्टरचा पाय हलवल्याचा आवाज, आणि आई बाबांना मोठ्याने हाक मारून सांगत होती, “अहो, ऐकलं का? मीनूची जीभ भाजली! बरं झालं, बाप्पा, बरं झालं!”