भट्टीत गेलेलं कडं

माझा मोठा भाऊ अण्णा आणि मी मोबाईलवरचा एक ऑनलाइन गेम एकाच, त्याच्या नावाने खेळायचो. घरात एक टॉवेल दोघांना पुरतो, मग एक खातं का पुरू नये, असं आमच्या बीदरलगतच्या नौबादचं तर्कट. त्या गेममध्ये एक भट्टी होती. तिच्यात दोन वस्तू टाकायच्या. जोडी जमली तर कुणी न पाहिलेली तिसरी वस्तू निघायची, नाही जमली तर दोन्ही खाक. कोणत्या जोड्या जमतात हे गेम कधीच सांगत नसे, आणि ते शोधायचं वेड मला होतं. मीठ आणि मोरपीस टाकून मी एकदा ढाल काढली, तेव्हापासून तर मला शिंगंच फुटली होती.

वहिनीही खेळायची, पण तेव्हा ती रुसून मादन हिप्परग्याला, माहेरी गेली होती. आईनं तिची शिलाई मशीन परस्पर मावशीला देऊन टाकली आणि अण्णा महिनाभर तिला 'दुरुस्तीला टाकलोय' म्हणून सांगत राहिला. आमच्यापैकी कुणाचंही काही चुकलं की अण्णा पांघरूण घालणार, हे ठरलेलं. "मशीनचं काय न्हाई, पण माझ्यासंगं खोटं कामून बोलता?" एवढं विचारून तिनं बस धरली होती. दोघांचं फोनवर बोलणं बंद होतं. गेममध्ये मात्र ती अजून आमच्या गटात होती. ती ऑनलाइन येऊन तिचं नाव हिरवं दिसलं की अण्णा फोन खाली ठेवत नसे.

एका रविवारी अण्णा आंघोळीला गेला होता आणि फोन माझ्या हातात होता. वहिनीकडून तांब्याचं एक कडं भेट आलं. त्यावर तिनं कन्नडमध्ये काहीतरी कोरलेलं. माझं शिक्षण उदगीरला, मामाकडे, मराठीतून झालं. कन्नड मी घडाघडा बोलतो, वाचता मात्र अक्षर येत नाही. कुणाला विचारायचीही लाज वाटते. शिवाय वाघनखाबरोबर तांब्याचं काहीतरी टाकून बघायचं, हे आठवडाभर माझ्या डोक्यात घोळत होतं. कडं काय, पुन्हा पाठवेल, असं म्हणून मी ते भट्टीत टाकलं.

निळी तलवार निघाली. मी आनंदानं ओरडलोच. गटातल्या सगळ्यांच्या पडद्यावर बातमी झळकली, अण्णाच्या नावानं आणि वितळलेल्या कड्याच्या चित्रासकट. अण्णा डोकं पुसत आला. तो बीदरलाच, कन्नड शाळेत शिकलेला. चित्रावरचं वाचलं आणि खाटेवर बसला.

"काय लिहिलंय?"

"न्यायला या म्हणून लिहिलीय."

आमच्याकडं रुसून माहेरी गेलेली बाई आपल्या पायानं परतत नाही, तिला न्यायला जावं लागतं. आणि 'या' असं तिनं स्वतःहून म्हणायला मन किती घट्ट करावं लागलं असेल! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात तिचाच फोन आला. कोण टाकलं, असंच तिनं विचारलं असावं.

"मीच टाकलो," अण्णा म्हणाला. "राग आल्ता. चुकलं माझं."

मी समोर उभा होतो. तोंडातून शब्द काढला नाही. आजही त्या गप्प राहण्याची मला चीड येते.

दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच वहिनीला फोन लावला. "वैनी, कडं मी टाकलो. अण्णाला ठावबी नव्हतं."



"भावजी, मी पिशवी भरून बसलेय," ती म्हणाली. "हे आज न्यायला यायलेत. पहिल्यांदा माझ्यासंगं खरं बोलले, आपली चूक आपल्या तोंडानं कबूल केले, म्हणून मी पुन्हा या म्हणले." मग म्हणाली, "ते बी खोटंच व्हय?"

फोन तिनंच ठेवला.

दारात अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून गाडी पुसत होता. "कुणाचा फोन रे?" त्यानं विचारलं.

"कुणाचा न्हाई," मी म्हणालो.